खानदेशातील फड : गावाने वाटून घेतलेले पाणी

फड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चटकन येतो तो तमाशाचा किंवा कुस्तीचा फड. उसाचा फडही पुष्कळांच्या ऐकण्यात असतो. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांचे निरनिराळे फड चालतात, आणि पेशवाईत ज्या ठिकाणी राज्याचा जमाखर्च व पत्रव्यवहार चाले त्या कचेरीसही फडच म्हणत. शब्दाची व्युत्पत्ती कोशकारांनी ठरवावी. आम्हांला एवढेच दिसते की, जेथे अनेक माणसे एकत्र येतात आणि एका शिस्तीने एक काम करतात, तेथे मराठी माणसाने हा शब्द योजिला आहे. धुळे आणि नाशिक या जिल्ह्यांतील काही नद्यांकाठच्या शेतकऱ्यांनी तो जमिनीलाच लावला. तेथे फड म्हणजे एकाच पाटाखाली भिजणारा, अनेकांच्या मालकीचा, परंतु एकाच पिकाखाली असलेला जमिनीचा सलग विभाग. ही व्यवस्था तीनशे वर्षांहून जुनी आहे असे मानतात. सहकारी सोसायट्यांचा पहिला कायदा आपल्या देशात १९०४ साली झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून हे शेतकरी सहकाराने पाणी घेत होते, आणि त्यासाठी त्यांना कोठे नोंदणी करावी लागली नव्हती.

प्रथम त्या प्रदेशाकडे पाहू. नकाशात सह्याद्रीचे उत्तरेकडील टोक शोधावे. तेथून पांझरा, मोसम आणि आरम या नद्या निघतात. मोसम व आरम या गिरणेस मिळतात आणि गिरणा पुढे तापीत जाते. पांझरा साक्री तालुक्यातून धुळ्याकडे येते व नंतर उत्तरेस वळून तापीस मिळते. उगमाकडील डोंगरात पाऊस भरपूर असतो, पण जसजसे पूर्वेस यावे तसतसा तो झपाट्याने कमी होतो. धुळ्याच्या आसपास वर्षाकाठी पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही दरवर्षी तितका पडेल याचा भरवसा नसतो. म्हणजे जमीन काळी व कसदार, आभाळ मात्र कोरडे. आणि त्या कोरड्या मुलखातून वाहणारी नदी दूरच्या डोंगरातले पाणी घेऊन पावसाळा संपल्यावरही काही महिने वाहत राहणारी. या दोहोंची गाठ घालून दिली की बागाईत पिकते. ती गाठ घालण्याचे साधन म्हणजे बंधारा.

बंधारा आणि धरण यांत आपण पुष्कळदा गल्लत करतो. धरण पाणी साठविते. बंधारा पाणी वळवितो. नदीच्या पात्रात जेथे खडकाची पट्टी आडवी आलेली असेल ती जागा हेरून तिच्यावर दगड-चुन्याची बुटकी भिंत घालीत. तिच्यामुळे पाण्याची पातळी थोडी उंचावे आणि ते काठाकडील पाटात शिरे. जास्तीचे पाणी भिंतीवरून उडी घेऊन खाली जाई. एकाच नदीवर असे एकामागून एक कितीतरी बंधारे असत. वरच्या बंधाऱ्याच्या पाटातून शेतांत मुरलेले पाणी झिरपत पुन्हा नदीत येई आणि खालच्या बंधाऱ्याच्या उपयोगी पडे. पाटाची लांबी कोठे दोन किलोमीटर, तर कोठे बारा किलोमीटरपर्यंत असे. पाटास जागोजाग सांडवे ठेवलेले असत, म्हणजे पूर आला तर पाट फुटण्याऐवजी फाजील पाणी ओढ्यावाटे नदीत परत जावे. मुख्य पाटातून चाऱ्या निघत आणि चाऱ्यांतून शेताशेतांत जाणारे लहान दंड. या साऱ्यात पाणी केवळ उताराने वाहते. मोट नाही, रहाट नाही, इंजिन नाही. जुन्या महसुली दप्तरांत बागाईत जमिनीचे मोटस्थळ व पाटस्थळ असे दोन वर्ग आढळतात. विहिरीवर मोट लावून भिजविलेली ती मोटस्थळ आणि पाटाच्या पाण्याने भिजलेली ती पाटस्थळ. फडाची सर्व जमीन पाटस्थळ.

येथवर जे सांगितले ते स्थापत्याचे झाले, आणि त्यात विशेष नवल नाही. बंधारे दक्षिण हिंदुस्थानात आहेत, राजस्थानात आहेत, परदेशांतही आहेत. फडाचे वेगळेपण भिंतीत नसून जमिनीच्या मांडणीत आहे.

बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे चार, क्वचित कमी-अधिक, मोठे विभाग केलेले असतात. हेच फड. एखादा फड दहा हेक्टरांचा, तर एखादा दोनशेचाही असतो. आता गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी ही की, बंधाऱ्याच्या बहुतेक खातेदारांची जमीन एका ठिकाणी नसून प्रत्येक फडात थोडी थोडी असते. शेतांचे तुकडेही लांबट पट्ट्यांसारखे असतात, त्यामुळे पाण्याच्या वाटेशी बहुतेकांचा संबंध येतो. शेतीच्या पुस्तकांत तुकडेबंदीचे धडे वाचलेला विद्यार्थी येथे थबकेल. जमिनीचे तुकडे होणे हा शेतीचा रोग, असे आपण शिकतो, आणि ते सामान्यतः खरेही आहे. मग या लोकांनी तो रोग मुद्दाम का पत्करला?

याचे उत्तर एका उदाहरणाने देऊ. समजा, एका बंधाऱ्याखाली चार फड आहेत. एका शेतकऱ्याची एकूण जमीन आठ एकर आहे, म्हणजे प्रत्येक फडात दोन एकर. दुसऱ्याची एकूण दोनच एकर आहे, म्हणजे प्रत्येक फडात वीस गुंठे. एखाद्या वर्षी पाऊस इतका कमी झाला की नदीचे पाणी एकाच फडाला पुरेल. पंच ठरवितात की, यंदा फक्त दुसऱ्या फडाला पाणी द्यावयाचे व बाकीचे तीन कोरडे ठेवावयाचे. पहिल्या शेतकऱ्याची दोन एकर भिजली, दुसऱ्याची वीस गुंठे. दोघांचाही चौथा हिस्सा भिजला व दोघांचेही तीन हिस्से कोरडे राहिले. आता हीच चार विभागांची जमीन एकेका कुटुंबाकडे सलग असती तर काय झाले असते? पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत त्याचे सगळे पीक भिजले असते आणि शेपटाकडील शेतकऱ्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत झाली असती. मोठ्या कालव्यांवर आजही तोंडाशी असलेला आणि शेपटाशी असलेला यांचे भांडण संपत नाही. फडात ते भांडण उद्भवण्याची जागाच ठेवलेली नाही, कारण प्रत्येकजण कोठे ना कोठे तोंडाशी असतो आणि कोठे ना कोठे शेपटाशी. ज्या पंचाने दूरचा फड कोरडा ठेवण्याचा निर्णय घ्यावा त्याची स्वतःची पट्टीही त्याच फडात कोरडी पडणार. न्यायबुद्धी सर्वांना सारखी नसते. पण येथे न्याय करण्यासाठी थोर मनाची गरज पडू नये अशी तजवीज जमिनीतच करून ठेविली आहे. आम्हांस या व्यवस्थेतील सर्वांत मोठी अक्कल हीच वाटते.

एका फडात एका वेळी एकच पीक, हा दुसरा नियम. नमुन्यादाखल सांगावयाचे तर एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभऱ्यासारखे रब्बीचे पीक, तिसऱ्यात खरिपाचे धान्य, आणि चौथ्यास विश्रांती. पुढील सालात हाच क्रम एक घर पुढे सरके. यात जमिनीचा पोत राखण्याचा हेतू तर आहेच, पण पाण्याचाही हिशेब आहे. उसाला वर्षभर पाणी लागते. उसाच्या शेतास लागून बाजरी असेल तर पाझरलेल्या पाण्याने बाजरी पिवळी पडावयाची आणि उसाच्या मालकाशी बाजरीवाल्याची जुंपावयाची. सारा ऊस एकीकडे असला की पाण्याची एक पाळी एका चारीला सोडता येते, वाटेत पाणी वाया जात नाही, आणि राखण करणेही सोपे जाते. शिवाय किती उसाला पाणी पुरेल हे गावाने एकत्र बसून आधीच ठरविलेले असल्यामुळे, नदीच्या कुवतीपेक्षा जास्त ऊस कोणालाच लावता येत नाही. आपल्या मनास येईल ते पीक घेण्याचे स्वातंत्र्य शेतकरी येथे गमावतो. ही किंमत लहान नाही, आणि पुढे याच ठिकाणी व्यवस्थेला तडा गेला. ते ओघाने येईलच.

कारभार पंचांच्या हाती असे. उन्हाळ्यात, नवे शेतीचे साल सुरू होण्यापूर्वी, खातेदारांनी जमावे, गतसालचा हिशेब पाहावा, पुढील सालात कोणत्या फडास कोणते पीक व कोणता फड मोकळा हे ठरवावे, आणि पाटाच्या दुरुस्तीचा दिवस मुक्रर करावा. पाटातील गाळ उपसणे हे काम सर्वांचे. ज्याची जितकी जमीन तितके त्याने मजूर द्यावेत किंवा स्वतः राबावे. रोजचे काम मात्र खातेदारांनी स्वतः करावयाचे नाही, तर त्यासाठी नेमलेल्या माणसांनी. पाटकरी शेतांना पाणी देई. हवालदार त्याच्यावर देखरेख ठेवी. जागल्या उभ्या पिकाची राखण करी. यांचा मोबदला बहुधा पिकाच्या रूपाने मिळे, आणि म्हणून पीक बुडाले तर त्यांचाही वाटा बुडे.

यांतील पाटकऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे. शेताचा धनी कितीही मोठा असो, त्याने स्वतःच्या हाताने चारीचे तोंड फोडून पाणी घ्यावयाचे नाही, असा दंडक. पाणी सोडणार तो पाटकरीच, आणि तो फडाच्या एका टोकापासून ओळीने शेते भिजवीत जाणार. त्याला कोणत्या शेताचा मालक कोण आहे हे ठाऊक असते, पण कामासाठी ते ठाऊक असण्याची गरज नसते. त्याच्या दृष्टीने सगळा फड हे एकच शेत. रात्रीच्या वेळी कंदील घेऊन बांधावर फिरणे, उंदरांनी बांध पोखरला तर मूठभर चिखलाने तो बुजविणे, पाणी शेताच्या शेवटपर्यंत पोहोचले की नाही हे पावलांना लागणाऱ्या ओलीवरून ओळखणे, हे त्याचे शास्त्र. ते पुस्तकात नव्हते. बापाकडून मुलाकडे येत असे.

या प्रदेशाशी एका थोर अभियंत्याचे नाव जोडलेले आहे, आणि त्याचा आपल्या शहराशीही संबंध येतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आत होते. त्यांच्या अगदी आरंभीच्या कामांपैकी एक खानदेशात होते : पांझरेच्या पात्राखालून नळ घालून पाटाचे पाणी पलीकडे नेणे. पुढे पुण्याकडे बदली झाल्यावर, १८९९ च्या सुमारास, त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत सुरू केली. कालव्याखालील जमिनीचे गट पाडावयाचे, प्रत्येक गटातील ठराविक हिश्शातच ऊस होऊ द्यावयाचा, आणि पिकांचा फेर घ्यावयाचा, अशी तिची रचना होती. फड आणि ब्लॉक यांतील साम्य कोणाच्याही नजरेत भरेल. तथापि फरकही पाहावा. ब्लॉकमध्ये करार होई तो एकेका बागाईतदाराचा सरकारी खात्याशी. फडात करार होई तो शेतकऱ्यांचा आपापसांत. ब्लॉकने फडाची आकृती घेतली, त्यातील पंच मात्र मागे राहिले. हेच विश्वेश्वरय्या १९०८ च्या मुशी नदीच्या महापुरानंतर हैदराबादेस आले, आणि पूर अडविण्यासाठी त्यांनी सुचविलेल्या योजनेतून आपले उस्मानसागर व हिमायतसागर निर्माण झाले. या तलावांनी पिढ्यानपिढ्या शहराची तहान भागविली. तोटी सोडून पाणी घेताना ते कोणाच्या वाट्याचे आहे, असा प्रश्न आपल्या मनात येत नाही. फडाच्या शेतकऱ्याला तो रोज पडे.

इंग्रजी अंमलात १८७९ साली मुंबई पाटबंधारे कायदा झाला, आणि नदीच्या पाण्यावर सरकारची सत्ता कायद्याने पक्की झाली. फडांच्या जुन्या बंधाऱ्यांवरील वहिवाट मात्र बहुतेक जशीच्या तशी चालू राहिली. राज्ये बदलली, मामलेदार बदलले, सारा वसूल करणारे हात बदलले. पाटकऱ्याची पाळी चालतच होती. या टिकाऊपणाचे एक कारण अगदी साधे आहे. पाटाला पाणी आणण्याचा दुसरा मार्ग कोणाकडे नव्हता. नदी एक, बंधारा एक, पाट एक. शेजाऱ्याशी पटत नसले तरी पाट उपसायला त्याच्या शेजारीच उभे राहावे लागे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्थिती पालटली, आणि ती वाईट हेतूने कोणी पालटविली असे मुळीच नाही. गावोगाव वीज आली. विहिरीवर पंप बसला. बंधाऱ्याच्या पाटामुळे आसपासच्या विहिरींना पाणी होतेच, ते आता कळ दाबताच वर येऊ लागले. ज्याची विहीर त्याला पंचांच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. फडात यंदा गहू ठरला असला तरी याच्या पट्टीत ऊस उभा राहू शकला, आणि उसाला भाव होता. एकाने तसे केले म्हणजे शेजारच्याने का करू नये? एक पीक हा नियम ढिला झाला की एक पाळी हा नियम टिकत नाही, आणि पाळी मोडली की पाटकऱ्याचे काम सरले. त्याच सुमारास वाटण्या व खरेदी-विक्री यांमुळे जमिनीही अशा विखुरल्या की, प्रत्येकाचा वाटा प्रत्येक फडात, ही मूळ घडीच विसकटली. ज्याची जमीन एकाच फडात उरली त्याला तो फड कोरडा ठेवण्याचा निर्णय कसा मानवावा?

वरच्या अंगास धरणेही झाली : मोसमवर हरणबारी, आरम खोऱ्यात केळझर, पांझरेवर लाटीपाडा. धरणामुळे पाणी साठले व त्याचा लाभ नव्या गावांना मिळाला, ही गोष्ट नाकबूल करण्याचे कारण नाही. परंतु बंधाऱ्याला सवय होती ती हिवाळाभर बारीक धारेने वाहत राहणाऱ्या नदीची. आता पाणी धरणातून ठरलेल्या आवर्तनांत येऊ लागले, आणि ते केव्हा व किती सोडावयाचे हे ठरविणारे कार्यालय गावापासून दूर होते. पंचांच्या बैठकीत ज्याचा निर्णय व्हावा अशी मुख्य गोष्टच त्यांच्या हातून गेली. काही बंधाऱ्यांवर फड मोडले. काहींवर ते आजही या ना त्या रूपात चालू आहेत, आणि तेथे पाणी देणारा पाटकरीही आहे.

फडाचे गुणगान करणारे लेखन अलीकडे पुष्कळ होते, आणि ते वाचताना आमच्या मनात एक शंका उभी राहते. वर जे आठ एकरांचे व दोन एकरांचे उदाहरण दिले ते पुन्हा पाहावे. दुष्काळात दोघांचेही समान प्रमाणात नुकसान झाले, हे खरे. पण एकाला भिजलेली दोन एकर उरली व दुसऱ्याला वीस गुंठे. प्रमाण समान, पाणी चौपट. आणि ज्याला मुळी जमीनच नाही त्याचे काय? खानदेशच्या गावगाड्यात जागल्याचे काम पुष्कळ ठिकाणी भिल्ल समाजाकडे असे. रात्रभर जागून ज्याने उसाची राखण करावी त्याचा त्या पाण्यावर स्वतःचा असा हक्क नव्हता. त्याला मिळे ते कामाचे बलुते. फडाने जमीनधारकांत न्याय केला. जमीन नसलेला माणूस त्या हिशेबात कोठेच आला नाही. त्या काळच्या माणसांनी तो प्रश्न विचारला नाही म्हणून त्यांना दोष देणे सोपे आहे, पण प्रश्न तर राहतोच : पाण्याचा हक्क जमिनीला असावा की माणसाला?

हा प्रश्न उघडपणे विचारला गेला तो फडांच्या मुलखात नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, आणि तोही १९७२ च्या दुष्काळाने विचारावयास लावला. त्या वर्षी महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडण्याच्या व माती वाहण्याच्या कामावर गेली. पुण्याचे एक अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी हे पाहिले, आणि दुष्काळी कामांवरील मजुरीपलीकडे काही कायमचे करता येईल काय याचा ते शोध घेऊ लागले. नायगाव येथे देवस्थानाची सुमारे चाळीस एकर उताराची, पडीक जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांध घातले, डोंगराच्या पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याच्या खालच्या अंगास विहीर खोदली आणि पंपाने पाणी वर चढविले. पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या जागी पिके उभी राहिली. १९७४ साली त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था स्थापिली. तिच्या प्रेरणेने जी सामुदायिक उपसा योजनांची चळवळ झाली ती पाणी पंचायत या नावाने प्रसिद्ध आहे.

तिचे नियम फडाच्या नियमांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यावयाचे नाही, तर घरातील माणसांच्या प्रमाणात : माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, आणि एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा, त्याने तो दुसऱ्याच्या जमिनीत बटाईने वापरावा. ऊस लावावयाचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः उभा करावयाचा. आणि पाणी सोडण्यासाठी गटाने आपला पाटकरी नेमावयाचा. पाटकरी हा शब्द येथे पुन्हा भेटतो, त्याचा आम्हांला फार आनंद वाटतो.

आपले गणित आता या नियमाने मांडून पाहू. पाच माणसांचे एक कुटुंब आहे व त्याची दहा एकर जमीन आहे. त्याला अडीच एकरांचे पाणी. तीन माणसांचे दुसरे कुटुंब आहे व त्याची दोन एकर जमीन आहे. त्याला दीड एकराचे. दोन माणसांचे तिसरे कुटुंब आहे, त्याच्याजवळ गुंठाभरही जमीन नाही. त्याला एक एकराचे. फडाच्या हिशेबात पहिल्यास दुसऱ्याच्या पाचपट पाणी मिळाले असते आणि तिसऱ्यास काहीच नाही.

हे नियम पाळणे अर्थातच सोपे नव्हते. दहा एकरांच्या धन्याने साडेसात एकर कोरडी ठेवून शेजारच्या भूमिहीनाचे पाणी वाहताना पाहावयाचे, ही तपश्चर्याच म्हणावयाची. फडात मोठ्या शेतकऱ्याचा स्वार्थ आणि गावाचा नियम एकाच दिशेने ओढीत होते. येथे नियम स्वार्थाच्या विरुद्ध ओढतो, आणि त्यास धरून ठेवणारे माणूस लागते. शिवाय पाणी उताराने न येता पंपाने येणार, तेव्हा विजेचे बिल, मोटारीची दुरुस्ती व पाइपांची फूट हे खर्च कायमचे पाठीस लागले. काही योजना टिकल्या, काही बंद पडल्या. २००२ साली साळुंखे यांचे निधन झाले.

शासनानेही पुढे पाणी गटाच्या स्वाधीन करण्याची वाट धरली. सिंचनाचा कारभार शेतकऱ्यांकडे देण्यासाठी महाराष्ट्राने २००५ साली स्वतंत्र कायदा केला. त्याप्रमाणे कालव्याखालील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापावयाची, संस्थेस पाणी मोजून द्यावयाचे, आणि ते सभासदांत कसे वाटावयाचे हे संस्थेने ठरवावयाचे. आवर्तन, पाळी, पाटाची दुरुस्ती, वार्षिक सभा, हिशेब : फडाच्या पंचांना यांतील एकही शब्द नवा वाटला नसता. पिकाचे बंधन मात्र संस्थेच्या सभासदावर नाही. आपल्या वाट्याच्या पाण्यात त्याने हवे ते पिकवावे. म्हणजे ज्या ठिकाणी फडाला तडा गेला ती गाठ येथे मोकळी सोडली आहे. आणि या संस्थेचा सभासद कोण होऊ शकतो, तर तिच्या क्षेत्रात ज्याच्याकडे जमीन आहे, किंवा जो ती रीतसर कसतो, तो.